उद्वार-हाझी : वॉशिंग्टनला येताय तर विमानांचं हे म्युझियम सोडू नका

अबोली_हर्नडन

दर उन्हाळ्यात भारतातून कोणाचे ना कोणाचे आईबाबा, सासूसासरे येतात आणि वॉशिंग्टन डीसीचा एक ठरलेला दौरा होतो. व्हाइट हाऊस बाहेरून, लिंकन मेमोरियल, कॅपिटॉल आणि मग नॅशनल मॉल या लांबलचक हिरवळीवरचं स्मिथसोनियन संस्थेचं विमान-अवकाश संग्रहालय. ते छानच आहे, पण त्याच म्युझियमचा दुसरा भाग डलस विमानतळाला लागून शँटिली गावात आहे, स्टीव्हन एफ. उद्वार-हाझी सेंटर, आणि तिकडे आपली बरीच मंडळी फिरकतच नाहीत. म्हणून हा धागा काढतेय. माझं मत आधीच सांगून टाकते, एकच दिवस हातात असेल आणि घरात विमानांचं वेड असलेलं एक जरी माणूस असेल तर मॉलच्या आधी इथे या.

मॉलवरची इमारत १९७६ ची. तिथे राइट बंधूंचं विमान, लिंडबर्गचं स्पिरिट ऑफ सेंट लुईस, अपोलो ११ चं कोलंबिया यान अशा सगळ्या नामवंत वस्तू आहेत, पण मोठी विमानं आत मावतच नव्हती. कित्येक विमानं वर्षानुवर्षं सुटे भाग करून गोदामात पडून होती. शेवटी डिसेंबर २००३ मध्ये ही शँटिलीची जागा उघडली. उद्वार-हाझी हे हंगेरीत जन्मलेले आणि विमानं भाड्याने देण्याच्या धंद्यात मोठे झालेले गृहस्थ, त्यांनी साडेसहा कोटी डॉलर दिले म्हणून त्यांचं नाव. जागा कशी आहे, तर सुमारे ३०० मीटर लांब आणि दहा मजली उंच एक हँगर, वरून कमानीसारखं छत, आणि विमानं तीन थरांत, काही जमिनीवर, काही छताला टांगलेली, आणि मधून उंचावरून चालायचे पूल. त्यामुळे टांगलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये तुम्हाला समोरासमोर बघता येतं, मान वर करून पोट बघावं लागत नाही. हा फरक फार मोठा आहे.

आत शिरलात की समोर खाली एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान, नाक तुमच्याकडे करून. काळंकुट्ट, चपटं. मी फोटो खूप बघितले होते पण प्रत्यक्षात ते इतकं लांबलचक आणि इतकं बसकं असेल असं वाटलं नव्हतं. हेच विमान ६ मार्च १९९० ला लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला १ तास ४ मिनिटं २० सेकंदांत आलं, सरासरी वेग ताशी ३,४०० किलोमीटरच्या वर, आणि उतरलं ते थेट शेजारच्या डलसवर, म्युझियमच्या ताब्यात द्यायलाच. त्या वेगाने मुंबईहून नागपूरला बारा-तेरा मिनिटं लागतील.

आणि त्याच्या मागे, पलीकडच्या अवकाश हँगरमध्ये, डिस्कव्हरी. स्पेस शटल डिस्कव्हरी. मॉडेल नाही, प्रतिकृती नाही, ३९ वेळा वर जाऊन आलेलं खरं यान, सगळं मिळून ३६५ दिवस अवकाशात राहिलेलं. हबल दुर्बीण १९९० मध्ये याच यानाने वर नेली. चॅलेंजरच्या अपघातानंतर १९८८ मध्ये पहिलं उड्डाण याचं, कोलंबिया शटलच्या अपघातानंतर २००५ मध्ये पहिलं उड्डाण पुन्हा याचंच. आपल्या लोकांसाठी आणखी एक सांगते, सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अवकाशात गेली ती डिसेंबर २००६ मध्ये याच यानात बसून. परतली मात्र अटलांटिसमधून.

डिस्कव्हरीच्या पोटाखालच्या काळ्या टाइल्स जवळ जाऊन बघा. लांबून सगळं एकसंध काळं दिसतं, जवळून प्रत्येक टाइल वेगळी, हातभरसुद्धा नाही एवढी, प्रत्येकीवर बारीक अक्षरांत तिचा स्वतःचा नंबर, कारण यानाचा आकार असा आहे की एका जागची टाइल दुसरीकडे बसत नाही. काही टाइल्स गडद काळ्या आहेत त्या नंतर बदललेल्या, काही करड्या पडल्यात त्या बऱ्याच फेऱ्या केलेल्या. बाजूच्या पांढऱ्या भागावर वातावरणात शिरताना भाजल्याचे तपकिरी ओघळ तसेच आहेत. धुऊनपुसून रंग देऊन नवंकोरं करता आलं असतं, तसं केलं नाही, आणि मला ह्या म्युझियमची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. शेवटच्या फेरीहून जसं उतरलं तसं ठेवलंय. फक्त मागची तीन मुख्य इंजिनं खरी नाहीत, ती नासाने पुढच्या रॉकेटसाठी काढून घेतली.

प्रवेश फुकट, पासही लागत नाही. (मॉलच्या इमारतीला वेळेचा फुकट पास आधी घ्यावा लागतो.) पार्किंगचे १५ डॉलर, चार वाजल्यानंतर तेही नाही. तुम्ही काय काय बघितलं, काय आवडलं, सगळं लिहा.

खगोलवेडा

अबोली, मस्त धागा! ब्लॅकबर्डबद्दल थोडी भर. ते विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या टाक्यांमधून इंधन ठिबकायचं, आणि हे सगळ्यांना माहीत असून चालवून घेतलेलं होतं. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडताना हवेच्या घर्षणाने बाहेरचा पत्रा अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापतो आणि धातू प्रसरण पावतो, म्हणून पत्र्यांच्या जोडांत जागा सोडावी लागली. थंड असताना त्या फटी उघड्या, वर गेल्यावर बंद. सीलंट लावायचे पण ते त्या उष्णतेत टिकायचं नाही. इंधनही साधं नव्हतं, जेपी-७, काडी पेटवून टाकली तरी पेटत नाही असं, त्यामुळे इंजिन सुरू करायला वेगळं रसायन लागायचं.

पंखांवर जवळून बघितलंत तर बारीक पन्हाळी दिसतात, त्याही प्रसरणासाठीच. सपाट पत्रा तापला असता तर सुरकुतला असता, पन्हाळीचा पत्रा नुसता थोडा जास्त वळतो. बहुतेक विमान टायटॅनियमचं, आणि त्या काळात टायटॅनियमचा मोठा साठा सोव्हिएत युनियनकडे, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याकडूनच आडमार्गाने धातू आणून हे विमान बांधलं. १९६४ मध्ये पहिलं उड्डाण. तेव्हा कॉम्प्युटरवर डिझाइन नव्हतं, ड्रॉइंग बोर्ड आणि स्लाइड रूल. मी स्वतः मेकॅनिकलचा, मला त्या विमानापासून हलवत नव्हतं.

रेवती_के

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, सात आणि दहा वर्षांची. खरं सांगायचं तर लढाऊ विमानांच्या रांगेत धाकटी कंटाळली, पण अवकाश हँगरमध्ये एका छोट्या बाटलीत कोळी आहे, तिथे ती खिळून राहिली. अनिता नावाची कोळीण. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर अनिता आणि अराबेला अशा दोन कोळिणी पाठवल्या होत्या, वजन नसताना जाळं विणता येतं का हे बघायला, आणि ही कल्पना एका शाळकरी मुलीची होती. सुरुवातीची जाळी वेडीवाकडी झाली, मग सवय झाल्यावर नीट विणायला लागल्या. माझ्या लेकीने घरी आल्यावर बाल्कनीतल्या कोळ्याला हात लावू दिला नाही कोणाला.

अपोलो ११ च्या तिघांना चंद्रावरून परतल्यावर ज्या बंद गाडीत ठेवलं होतं ती पण तिथेच आहे. चंद्रावरून काही जंतू आले असतील तर, म्हणून. खिडकीतून आत बघता येतं, साधा सोफा, साधं टेबल. मुलांना करोनाचं विलगीकरण आठवत होतं त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही.

ओझरकर

अबोलीताई, तुमच्या लेखात नाही म्हणून लिहितो. शीतयुद्धाच्या भागात एक मिग-२१ आहे. एफ-१३ मॉडेल, आपल्या हवाई दलाला १९६३ मध्ये चंदीगडला पहिली मिग मिळाली ती याच जातीची.

माझे वडील नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीत होते, आम्ही टाउनशिपमध्येच वाढलो. १९६४ मध्ये कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठीच, सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी विभागणी होती. वडील रिव्हेटिंगच्या शॉपमध्ये. संध्याकाळी घरी आले की हाताला तेलाचा वास यायचा आणि दुपारी शाळेत असताना चाचणीचं विमान डोक्यावरून गेलं की बाईसुद्धा फळ्यावर लिहायच्या थांबायच्या, कारण काही ऐकूच यायचं नाही.

आणि हे विमान मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून, इतक्या निवांत बघितलं ते अमेरिकेत. कारखान्यात आम्हा मुलांना कोण सोडणार. नाकातला तो शंकू, त्याच्या कडेने हवा आत जायची जागा, मागे पातळ त्रिकोणी पंख, इतका पातळ पंख की कडेला हात कापेल असं वाटतं. पंखाखाली वाकून रिव्हेटच्या ओळी बघितल्या. एकेक रिव्हेट पत्र्याच्या पातळीला आहे की नाही हे वडील बोटाच्या टोकाने तपासायचे, तसं करावंसं वाटलं पण दोरीच्या आत जायला परवानगी नाही, आणि नसावीच.

२६ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडची शेवटची मिग-२१ निवृत्त झाली. या विमानाला आपल्याकडे पेपरांनी जी नावं ठेवली त्याचा वडिलांना फार त्रास व्हायचा. अपघात झाले, माणसं गेली, ते नाकारत नाही. पण १९७१ ला ज्याने काम केलं आणि साठ वर्षं ज्याच्यावर पिढ्यांनी उडायला शिकलं त्याची ओळख फक्त तेवढीच राहू नये.

नलूमावशी

ओझरकर, वाचून अंगावर काटा आला. तुमचे वडील आहेत का हो अजून? त्यांना फोटो दाखवलेत का?

ओझरकर

नलूमावशी, आहेत, नाशिकलाच असतात, त्र्याऐंशी पूर्ण. व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले डाव्या बाजूचं झाकण नीट बसलेलं नाहीये बघ.

दर्यावर्दी

मी वास्कोचा. या म्युझियममध्ये लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, तीन शेपट्यांचं, डॉल्फिनसारख्या पाठीचं. आपल्याकडे गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात याच घराण्यातलं विमान आहे. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलाकडे गेलं, मग नौदलाने समुद्रावर टेहळणीसाठी वापरलं. म्हणजे एका विमानात भारताच्या तीन संस्थांचा इतिहास. शेजारी सी हॅरियर, सी हॉक, अलिझे. १९९८ पासून संग्रहालय आहे, गोव्याला येणाऱ्या शंभरातल्या पाच जणांना तरी माहीत असेल की नाही शंका आहे.

मला दुःख याचं आहे की आपली विमानं उघड्यावर उभी आहेत. कोकणचा पाऊस, खारा वारा, वर ऊन. ॲल्युमिनियमला खारी हवा किती वाईट हे दर्यावर काम केलेल्या कुणालाही विचारा, आधी रंगाखाली फोड येतात, मग पांढरी भुकटी, मग रिव्हेटच्या भोवती पत्रा खायला लागतो. नौदलाची माणसं मनापासून निगा राखतात, पण छप्पर नसेल तर किती राखणार. इतक्या मोठ्या हँगरची गरज नाही, एक साधी पत्र्याची शेड झाली तरी त्या विमानाचं आयुष्य वाढेल. गोव्याला येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तिथे जावं, तिकीट काढावं, वहीत अभिप्राय लिहावा की छप्पर करा. लोक येतात असं दिसलं तर पैसे मंजूर होतात.

माझगावकर

दर्यावर्दींना अनुमोदन. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत उभं आहे, एचएफ-२४, भारतात बनलेलं पहिलं जेट लढाऊ विमान, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. ते ज्यांनी डिझाइन केलं ते जर्मन इंजिनिअर कुर्ट टांक. उद्वार-हाझीमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या भागात एक फॉके-वुल्फ १९० आहे, तेही टांक यांचंच. युद्धानंतर ते आधी अर्जेंटिनाला गेले आणि मग १९५६ मध्ये बंगलोरला एचएएलमध्ये. वरळीला शाळेच्या सहलीत मरुतच्या खाली उभं राहून फोटो काढलेले इथे बरेच असतील, शँटिलीला गेलात तर त्याचा थोरला भाऊ बघून या.

सत्यशोधक_पुणे

प्रश्न विचारतो, भांडायला नाही. राइट बंधूंच्या आधी १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. स्मिथसोनियनमध्ये त्याचा उल्लेख का नाही? आपल्या माणसाला डावललं असं वाटतं.

खगोलवेडा

चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर याच म्युझियमच्या इतिहासात सापडतं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

उद्वार-हाझीमध्ये एक विचित्र विमान आहे, दोन जोड पंखांचं, एकामागे एक. लँग्लीचं एरोड्रोम. सॅम्युअल लँग्ली हे स्वतः स्मिथसोनियनचे प्रमुख, सरकारी पैसा पाठीशी. ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये पोटोमॅक नदीतल्या होडीवरून ते सोडलं आणि दोन्ही वेळा सरळ पाण्यात पडलं. दुसरा प्रयत्न ८ डिसेंबरचा. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, सायकलीच्या दुकानवाल्या दोन भावांनी किटी हॉकला १२ सेकंद उडून दाखवलं. पुढे १९१४ मध्ये स्मिथसोनियनने लँग्लीचं यंत्र बरेच बदल करून उडवून बघितलं आणि जाहीर केलं की उडू शकणारं पहिलं विमान हेच. ऑर्व्हिल राइट इतके संतापले की १९२८ मध्ये त्यांनी आपलं विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊन टाकलं. १९४२ मध्ये स्मिथसोनियनने लेखी कबुली दिली, आणि विमान अमेरिकेत परत आलं ते १९४८ च्या डिसेंबरात, ऑर्व्हिल गेल्यानंतर.

म्हणजे आपल्याच संस्थेच्या प्रमुखाचा दावासुद्धा पुराव्यापुढे टिकला नाही. राइट बंधूंच्या बाजूने काय होतं? उड्डाणाच्या क्षणाचा फोटो, त्या दिवसाची नोंदवही, साक्षीदार, वाऱ्याच्या बोगद्यातल्या प्रयोगांचे आकडे, आणि आधीच्या ग्लायडरच्या कित्येक उड्डाणांच्या नोंदी. तळपदे यांच्या बाबतीत यंत्राचा तुकडा नाही, आराखडा नाही, मोजमाप नाही. जी गोष्ट सांगितली जाते ती बरीच नंतर रंगत गेली. प्राचीन विमानविद्येच्या त्याच परंपरेतल्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाचा बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला.

तळपदे यांच्याबद्दल मला आदर आहे, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत एका माणसाला उडावंसं वाटलं हेच केवढं. आदर ठेवायला दावा खरा असायची गरज नाही.

एक बाजू मात्र तुमची बरोबर आहे. १९४८ मध्ये राइट यांच्या वारसांशी झालेल्या करारात अशी अट आहे की स्मिथसोनियनने दुसऱ्या कुठल्या विमानाला पहिलं म्हटलं तर हे विमान परत द्यावं लागेल. अशी अट संग्रहालयावर नसावी असं माझंही मत आहे.

सत्यशोधक_पुणे

धन्यवाद, लँग्लीची गोष्ट माहीत नव्हती. कराराचीही नाही. यावर वेगळा धागा काढा.

मृण्मयी_ओसाका

एनोला गेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मी जपानात राहते, हिरोशिमाचं संग्रहालय बघितलेलं आहे, त्यामुळे अमेरिकेत बहिणीकडे गेले तेव्हा मुद्दाम शँटिलीला गेले. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बाँब टाकलेलं हेच ते बी-२९ बॉम्बर. चकचकीत आहे. डोळे दिपतील इतकं चकचकीत, पुढचा काचेचा गोल भाग, तिथे बसून बाँब सोडला. पायलटने आपल्या आईचं नाव दिलेलं विमान.

माझा आक्षेप फलकावर आहे. विमानाची लांबी-रुंदी, कोणतं तंत्रज्ञान नवीन होतं, हे सगळं आहे, आणि हिरोशिमावर अणुबाँब टाकला हेही आहे, पण त्याखाली माणसं होती हे नाही. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. हिरोशिमाच्या संग्रहालयात एका लहान मुलाची तीनचाकी सायकल आहे, जळलेली. ती बघितल्यावर हे चकचकीत ॲल्युमिनियम बघणं मला जड गेलं. २००३ मध्ये म्युझियम उघडलं त्या दिवशी हिरोशिमातून वाचलेली वृद्ध माणसं तिथे येऊन हेच सांगत होती.

खगोलवेडा

मृण्मयी, मान्य. १९९५ मध्ये मॉलवर त्याचं मोठं प्रदर्शन भरवायचं होतं, त्यात हिरोशिमाची बाजूही मांडायची होती. माजी सैनिकांच्या संघटना आणि संसदेतून इतका विरोध झाला की ते रद्द झालं, संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला. त्यानंतर संग्रहालयाने फलक कोरडा ठेवायचं धोरण धरलं असं दिसतं.

अबोली_हर्नडन

मृण्मयी, मी याच्यावर खूप विचार केलाय, जवळच राहते त्यामुळे जाणं होतं. मला वाटतं ते विमान तिथे असावंच, लपवून ठेवलं तर जास्त वाईट. पण फलकाबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर आहे. डिस्कव्हरीवरचे भाजल्याचे ओघळ ठेवले आणि एनोला गे घासूनपुसून लखलखीत केलं, जवळपास तीन लाख मनुष्यतास लागले म्हणे त्याला, हा फरक मला खटकतो. तिथेच दुरुस्तीच्या हँगरमध्ये वरच्या काचेतून खाली बघता येतं, तिथे एक फ्लॅक-बेट नावाचं बी-२६ बॉम्बर होतं, २०० च्या वर मोहिमा केलेलं, त्याला गोळ्यांची हजारावर भोकं पडलेली आणि प्रत्येकावर पट्टी मारलेली. त्याला मात्र नवा रंग द्यायचा नाही, आहे तो पोपडे आलेला रंगच जपायचा असं ठरवून लोक कापसाच्या बोळ्यांनी एकेक इंच साफ करत होते. माझं म्हणणं एवढंच की वस्तूवरचे डाग जपताना जमिनीवर काय झालं त्याचेही डाग दाखवा. मी अभिप्रायात हेच लिहिलंय, तूही लिही. ते वाचतात.

सह्यभटक्या

माझा मुद्दा अगदी वेगळा. अवकाश हँगरमध्ये एका बाजूला एक लांबुळकं यंत्र आहे, कोणी थांबत नाही त्याच्यापाशी. शटल रडार टोपोग्राफी मिशन, म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलमधून हे वर गेलं, तिथे त्यातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढला, एक रडार अँटेना यानात आणि दुसरी दांड्याच्या टोकाला. दोघींकडे परत आलेल्या लहरींच्या फरकावरून खालच्या जमिनीची उंची. अकरा दिवसांत पृथ्वीच्या जमिनीपैकी जवळजवळ ८० टक्के भाग मोजून झाला.

आपण ट्रेकच्या ॲपवर हरिश्चंद्रगडाच्या, राजगडाच्या ज्या उंचीरेषा बघतो त्यातल्या बहुतेक या आकड्यांवर उभ्या आहेत. मी वर्षानुवर्षं ही फाइल उतरवून नकाशे बनवतो आणि ते मोजणारं यंत्र समोर! हात जोडावेसे वाटले.

आणि ट्रेकवाल्यांसाठी कामाची गोष्ट. हे आकडे साधारण ३० मीटरच्या चौकटींचे आहेत, म्हणजे चौकटीत एकच उंची. त्यामुळे कोकणकड्यासारखा सरळ तुटलेला कडा नकाशावर उतार म्हणून दिसतो, आणि अरुंद घळीत रडारची लहर पोचलीच नाही तिथे आकडे नंतर अंदाजाने भरलेले असतात. धुक्यात ॲपच्या उंचीरेषेवर विसंबून कड्याच्या दिशेने जाऊ नका. गावातला वाटाड्या घ्या.

माझगावकर

हे भारी आहे. इतकी वर्षं एसआरटीएम एसआरटीएम म्हणतोय, ते शटलमधून गेलं होतं हे आज कळलं.

रेवती_के

कॉन्कॉर्डबद्दल, ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या त्या प्रवासी विमानाबद्दल पण लिहा कोणीतरी! एअर फ्रान्सचं आहे, जून २००३ मध्ये स्वतः उडत डलसला आलं. १९७६ मध्ये पॅरिसहून रिओला कॉन्कॉर्डची प्रवासी सेवा सुरू झाली ती याच विमानाने. खिडक्या किती छोट्या आहेत, तळहाताएवढ्या. त्याच्या शेजारी बोइंगचं डॅश-८० आहे, ७०७ चं पहिलं रूप, पिवळं-तपकिरी. एअर इंडियाचं ७०७ ज्यांनी बघितलंय त्यांना ओळखीचं वाटेल.

खगोलवेडा

ज्यांना डिस्कव्हरी बघायचीय त्यांनी लवकर जमवा. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत जो मोठा कायदा झाला त्यात एक अवकाशयान ह्यूस्टनला हलवायला साडेआठ कोटी डॉलर ठेवलेत आणि टेक्सासच्या लोकांचा डोळा डिस्कव्हरीवर आहे. शटल पाठीवर घेऊन उडणारी दोन्ही ७४७ विमानं आता स्वतःच प्रदर्शनात उभी आहेत, मग नेणार कसं? सुटे भाग करायची वेळ आली तर त्या टाइल्सचं काय होईल याची काळजी स्मिथसोनियनने जाहीरपणे मांडलीय. जिथे आहे तिथेच राहावं असं मला फार वाटतं.

सांगलीकर

नमस्कार अबोलीताई. आईवडिलांना घेऊन पुढच्या महिन्यात मुलाकडे न्यू जर्सीला येतोय, परतीचं विमान डलसहून संध्याकाळी आहे. आईचे गुडघे दुखतात, वडिलांना कमी ऐकू येतं. त्या दिवशी सकाळी जमेल का? सामानाचं काय करायचं? आणि खायचं काय, दोघंही शाकाहारी.

अबोली_हर्नडन

नमस्कार, नक्की जमेल, जागा विमानतळाच्या कुशीतच आहे. सकाळी दहाला उघडतं, दहालाच पोचा, शाळांच्या बसेस यायच्या आत. दारातच व्हीलचेअर मिळते, पैसे नाहीत, आणि पूल सगळे उताराचे किंवा लिफ्टचे आहेत त्यामुळे आईंना कुठेही अडायचं नाही. मुलाची गाडी असेल तर सामान गाडीतच राहू द्या. गाडी नसेल तर डलसहून फेअरफॅक्स कनेक्टरची ९८३ नंबरची बस जाते, पण मोठ्या बॅगा घेऊन आत सोडत नाहीत त्यामुळे तुमच्यासाठी गाडीच बरी.

फुकट मार्गदर्शकाची फेरी घ्या. बरेचसे मार्गदर्शक निवृत्त वैमानिक, इंजिनिअर, हवाई दलातले असतात आणि प्रश्न विचारलेले त्यांना मनापासून आवडतात. वडिलांना ऐकू कमी येत असेल तर मार्गदर्शकाच्या अगदी जवळ उभं करा आणि आधी सांगून ठेवा, ते थांबून बोलतात. आधी डिस्कव्हरी करा, मग उरलेला वेळ खालच्या मजल्यावर, आणि अकरा-साडेअकराला वरच्या मनोऱ्यात जा, तिथून डलसवर उतरणारी विमानं दिसतात, बसायलाही जागा आहे.

खाण्याची आत एकच जागा आहे, बर्गर आणि फ्राइज. थालीपीठ, दशम्या घरूनच आणा आणि बाहेर गाडीपाशी खा, प्रदर्शनाच्या भागात खायला परवानगी नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाण आहे म्हणजे विमानतळावर तीन तास आधी, तेव्हा दोनला बाहेर पडा. कोणत्या तारखेला येताय ते कळवा, शनिवार-रविवार असेल तर मी येते, आईंची खुर्ची मी धरते म्हणजे तुम्हाला वडिलांबरोबर फिरता येईल.